हवालदाराचा श्रावण

कुत्र्याचं नाव हवालदार पडलं ते त्याच्या खाकी रंगावरून. एरवी हवालदाराचं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं. चोर आला असता तर शेपूट हलवलं असतं, आणि मांजर आलं की स्वारी हैबतरावांच्या पायामागं. पण हैबतरावांचा त्याच्यावर भारी जीव. अख्ख्या गागोदे गावाला ते ठाऊक होतं, कबूल करत नव्हते ते फक्त हैबतराव. साठी उलटलेल्या शेतकऱ्यानं कुत्र्यावर जीव लावलाय असं बोलायला जीभ कशी रेटावी? कुणी विचारलंच तर म्हणायचे, "राखणीला हाय, दुसरं काय!"

शहाण्णव सालच्या आषाढात ह्या राखणदाराला खाज सुटली. कानामागं, पोटाला, शेपटीच्या बुडाशी. दिवसभर आपलं खरखर, खरखर. केस गेले, कातडी लाल झाली आणि ओसरीवर असा वास सुटला की आलेला पाहुणा चहा न घेताच उठायला लागला. पेणच्या दवाखान्यातलं मलम लावून झालं, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या. शेवटी गिरजाबाईंनी कमरेला पदर खोचला आणि नवऱ्याला निकाल सुनावला.

"वैशाली पिठोरीला येतेय बाळंतपणाला. पोरीचं पयलं बाळंतपण हाय. त्या घरात मी खरजेचं कुत्रं ठेवनार नाय. पिठोरीपर्यंत ह्याची खाज आनि वास दोनी गेलं तर ऱ्हाईल. नायतर हिरामणभावजींच्या मिठागरावर धाडा."

हिरामण म्हणजे हैबतरावांचा जुना दोस्त, कासूच्या खाडीकडला. त्याला निरोप पोचायचा अवकाश, की उलट निरोप आला: "खुशाल धाडा, माजी साखली तयार हाय." हैबतराव नुसतं "बरं" म्हणाले आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर उगाच हात फिरवत बसले.

जावई सुशील रोह्याला कंपनीत होता. त्यानं सांगितलं, इथं नवीन जनावरांची डॉक्टरीण आलीय, पुण्याची, कुत्र्यांचं तिला फार कळतं. झालं! श्रावण लागला त्याच दिवशी हैबतराव पेणहून रोह्याच्या गाडीत बसले. मांडीवर पोतं, आणि पोत्यातून हवालदाराचं तेवढं तोंड बाहेर.

दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, "पुढं कोण?"

"हवालदार," हैबतराव म्हणाले. बाकावरचे दोघे घाईघाईनं उठून उभे राहिले.

डॉक्टर दिपिका वयानं वैशालीएवढ्याच. त्यांनी कुत्र्याचे कान बघितले, पोट दाबलं आणि विचारलं, "काका, हा खातो काय?"

"भात."

"आणि?"

"आमटीभात. तांदळाची भाकर. सनाला पुरनपोळी."

"म्हणजे सगळं धान्यच. काही कुत्र्यांना धान्य सोसत नाही. महिनाभर धान्य पूर्ण बंद करून बघू. अंडी द्या, मासळी द्या."

"श्रावन हाय मॅडम. आमच्या हिला अंड्याचं टरफल दिसलं तरी मला घराभाईर काढंल."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग रताळं, बटाटा, भोपळा, ताक. धान्य तेवढं नको."

रताळं, बटाटा, धान्य नको! हैबतरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हंजे उपासाचं!"

"हो, तसंच समजा," बाई म्हणाल्या. पुण्याच्या असून असं बोलल्या, आता काय म्हणावं! पुढं त्या असंही म्हणाल्या, की एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्या, नाहीतर पोट बिघडेल. पण तोवर हैबतरावांचा एक कान परतीच्या गाडीकडं लागला होता, आणि दुसऱ्यात 'उपास' एवढाच शब्द घट्ट बसला होता.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "हवालदाराला उपास सांगितलाय. श्रावनभर."

गिरजाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. चाळीस वर्षं त्यांनी सोमवार धरले, एकादश्या धरल्या, पण श्रावणभर रोज उपास त्यांनासुद्धा जमला नव्हता. ज्या कुत्र्याला त्या उठता-बसता हाड हाड करत, त्याच्याकडं त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. "गेल्या जन्मीचं कायतरी पुन्य असंल बिचाऱ्याचं," असं म्हणून त्यांनी साबुदाणा भिजत घातला.

दुसऱ्या दिवसापासून हवालदाराच्या जर्मलच्या थाळीत उपासाचा थाट सुरू झाला. सकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात आणि वर दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळं. हवालदारानं जन्मात असं खाल्लं नव्हतं. थाळी चाटून चाटून तो ती अंगणाच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचा.

पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सगळं अडलं. हवालदार बांधावर जायचा, गोल गोल फिरायचा, बसायचा आणि मान वळवून हैबतरावांकडं अशा नजरेनं बघायचा की त्यांना स्वतःच्याच पोटात कळ यायची. "जोर कर रे," हैबतराव म्हणायचे. चिखलात छत्री धरून उभा असलेला हा बाप्या कुणाशी बोलतोय ते बघायला शेजारची मालू दोनदा खिडकीत आली.

चौथ्या दिवशी अडलेलं सुटलं, पण आधी नुसता वारा. नेमका सोमवार होता आणि ओसरीवर पोथी चालली होती. गुणाजीबुवा डुलत डुलत वाचत होते, बायामाणसं तल्लीन झाली होती. आणि बुवांच्या आसनामागून तो आवाज आला. लांब, वाकडा, शेवटी वर जाणारा. बुवा थांबले. सगळ्यांनी बुवांकडं बघितलं. बुवांनी मागं बघितलं, तर हवालदार डोळे मिटून ऐकत होता, पोथीतली सगळ्यात मोठी भक्ती त्याच्याच तोंडावर.

"मी नाय!" बुवा म्हणाले.

"नाय ओ बुवा, तुमी कशाला असाल!" मालू म्हणाली, आणि पदर नाकाला लावला. बुवांनी त्या दिवशी अध्याय अर्ध्यावर मिटला. पुढं चार दिवस गावात ते ज्याला त्याला थांबवून, कुणी न विचारता, खुलासा करत होते.

पाचव्या दिवसापासून पातळ. आता ते सगळं सांगत बसत नाही, तुम्ही जेवूनखाऊन बसला असाल. एवढंच सांगतो, की हैबतराव घमेलंभर राख घेऊन कुत्र्यामागं धावत होते आणि गिरजाबाई दारातून ओरडत होत्या, "उपासाचं पोट हाय, चालायचंच! पन वासाचं काय ते बघा! पिठोरी लांब नाय!" खाज तर तसूभर कमी नव्हती.

आठव्या दिवशी हैबतरावांनी पुन्हा रोहा गाठलं. एकट्यानंच, कारण हवालदाराला गाडीत बसवायची आता कुणाची छाती नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सगळा फराळ ऐकून घेतला आणि कपाळाला हात लावला.

"काका, भात खाणारं पोट ते, एका दिवसात सगळं बदललंत! भांबावणार नाही तर काय? दाणे बंद, तूप बंद. आता आठ दिवस भोपळा आणि ताकच, तेही थोडं थोडं. मग रताळं वाढवा, दूध फाडून त्याचा चोथा द्या. आणि वरी कुणी द्यायला सांगितली? वरी धान्यच आहे."

"वरी?"

"गवताचं बी. तांदळाची चुलत बहीण म्हणा."

हैबतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. डोंगरउतारावर वरी लावलेली त्यांनी शंभरदा बघितली होती. कणीस येतं, झोडतात, कांडतात. सगळं डोळ्यांसमोरचं! पण उपासाला चालतं म्हटल्यावर ते धान्य कसं असेल, इतकाच विचार त्यांनी जन्मभर केला होता. आणि आता हे गिरजाला कुणी सांगायचं? चाळीस वर्षांचे सोमवार! एकादश्या! एका वाक्यात सगळे उपास मोडायचे, तेही एका कुत्र्यापायी?

घरी आल्यावर त्यांनी धीर केला. गिरजाबाई देवापुढं बसल्या होत्या. "अगो, ती वरी हाय ना..."

"काय वरीचं?"

"...संपत आली काय?"

"कालच तर दोन किलो आनलीत! डोकं फिरलंय काय तुमचं?"

विषय तिथंच संपला. मग हैबतरावांनी दुसरी वाट काढली. रोजची थाळी घेऊन ते "मी घालतो त्याला" म्हणत गोठ्यामागं जायचे. तिथं हवालदाराला भोपळा आणि ताक, पुढं रताळं आणि चोथा. आणि थाळीतली खिचडी, वरी? अन्न टाकायचं तर त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. कोंबड्यांना घातली असती तर त्यांनी कलकलाट करून गिरजाबाईंना बोलावलं असतं, म्हशीला घालावी तर दुधाला दाण्याचा वास आला असता. तेव्हा खिचडी, वरी आणि दाण्याची आमटी हैबतराव स्वतः खायचे, उकिडवे बसून, भराभरा. आणि लगेच घरात जाऊन आपला रोजचा आमटीभात वर रेटायचे, कारण पानावरून उठलं तर बायको विचारणार.

पंधरा दिवसांत कुत्रा सुधारला. पोट बांधलं गेलं, खरखर थांबली, लाल कातडीवर खाकी लव आली. बांधावर हवालदार उठला की हैबतराव तिथं वाकून बघायचे आणि भाताचं पीक चांगलं आल्यासारखी मान डोलवायचे. त्यांचं स्वतःचं पोट मात्र ढोलासारखं फुगलं होतं. चालताना ते गुडगुडायचं आणि बसताना त्यांना बेतानं बसावं लागायचं.

पिठोरी उजाडली. सुशील वैशालीला घेऊन आला, हिरामण खांद्यावर साखळी टाकून आला. हवालदारानं दोघांचंही स्वागत केलं, साखळीसुद्धा हुंगून चाटली, गाढव लेकाचा! गिरजाबाईंनी त्याचे कान उलटे करून बघितले, पोट बघितलं आणि म्हणाल्या, "खाज गेली म्हनायची. वासाचं पूजेनंतर बघू."

तिन्हीसांजेला पूजा मांडली. मालू होती, गुणाजीबुवा होते. पिठोरीची रीत अशी, की आईनं खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागं धरायचं आणि मागं न बघता विचारायचं, अतीत कोण? म्हणजे दारी जेवायला आलाय कोण? लेकरानं मागून 'मी' म्हणायचं आणि ताट घ्यायचं. गिरजाबाईंनी ताट धरलं. घर शांत झालं.

"अतीत कोण?"

सातव्या महिन्यातली वैशाली पाटावरून सावरत उठत होती, तेवढा एक श्वास गेला. त्या श्वासात तो आवाज आला. जुनं दार उघडावं तसा, रेंगाळत. मागोमाग वास.

"बगा! पुन्यांदा तोच!" गुणाजीबुवा उठून उभे राहिले. सगळ्यांनी उंबऱ्यात झोपलेल्या हवालदाराकडं बघितलं.

गिरजाबाईंनी रीत मोडली नाही. मागं न बघता, ताट डोक्यावर धरूनच त्या म्हणाल्या, "वास गेला नाय तर. न्या भावजी त्याला."

हिरामणनं साखळी अडकवली. हवालदार आनंदानं उठला, शेपूट हलवत त्याच्यामागून पायरी उतरायला लागला. हैबतरावांनी जावयाकडं बघितलं, बुवांकडं बघितलं. मग ते उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.

"काय, मी?"

"अतीत. म्हंजे... तो आवाज. हवालदार नाय. मी व्हतो."

गिरजाबाई ताटासकट वळल्या. "तुमाला काय झालं?"

"ईस दिस त्याच्या थाळीतली वरी खातोय. दाण्याच्या आमटीसंगं. गोठ्यामागं बसून."

"अवो, पन कशापायी?"

"वरी धान्य हाय म्हनून!" हैबतरावांचा बांध फुटला. "डॉक्टरीण बोलली. तुला कसं सांगू? चाळीस वर्सांचे उपास तुझे! आनि सांगितलं नाय तर कुत्रा जातो."

मालूनं तोंडावर हात ठेवला. सुशील छपराची कौलं मोजू लागला. गिरजाबाईंनी हातातलं ताट सावरलं.

"मला नवीन सांगताय? बापाच्या डोंगरीवर ह्या हातानं वरी लावलीय मी, झोडलीय, कांडलीय. धान्य नायतर काय बटाटा हाय तो?"

"मंग... उपास?"

"तो माझा आनि देवाचा हाय. देवानं कधी विचारलं नाय, तुमी कोन विचारनार?" मग त्यांचा आवाज खाली आला. "कुत्रा धाडायचा नव्हता तर तोंडानं बोलायचं व्हतं. येवढं पोटात कशाला ठेवायचं?"

हैबतरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला त्याला धाडायचा नाय गो," ते म्हणाले. एवढं सरळ वाक्य त्या घरात ते पहिल्यांदाच बोलत होते.

"मंग नाय धाडत."

"आनि माजी साखली?" पायरीवरून हिरामणनं विचारलं.

"सोडवून हितं ठेवा भावजी. परत गोठ्यामागं खाताना दिसले तर ह्यांना लागंल," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी पाठ वळवली, पदर सारखा केला आणि ताट पुन्हा डोक्यावर धरलं. "अतीत कोण?"

हैबतरावांनी दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं, आणि वैशाली म्हणाली, "मी."