हाताला काय लागलं

शर्यतीला सहा दिवस उरले, तेव्हा प्रशिक्षक राजदीप सरांनी आचलला सगळं बंद करायला लावलं.

"आता अंगाले आराम," ते म्हणाले. "सायकल पुसून ठेव. पाण्यात तं उतरायचंच नाई. रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बस आन् शर्यत मनात पाह्य. पहिल्या हातापासून शेवटच्या पावलापर्यंत."

शर्यत लांब होती. दूर सह्याद्रीकडच्या एका धरणात दोन किलोमीटर पोहायचं, बाहेर आलं की नव्वद किलोमीटर सायकल आणि मग एकवीस किलोमीटर धावायचं. आचल चंद्रपूरकडे वनरक्षक होती. जंगलातल्या रस्त्यांनी तिनं दोन वर्षं सायकल हाणली होती. लोक विचारत, "वाघाचं भेव नाई लागत काय वो?" ती हसायची. वाघ दिसतो तरी, असं तिच्या मनात यायचं.

सोमवारी ती डोळे मिटून बसली. काठावर गर्दी, शिटी, उडी. पहिला हात, दुसरा हात. तिसरा हात पुढे गेला आणि गढूळ पाण्यात कशाला तरी लागला. मऊ, गार. तिनं डोळे उघडले तेव्हा कुडता घामानं पाठीला चिकटला होता. मंगळवारीही तेच झालं. तिनं सरळ सायकलपासून सुरुवात करून पाहिली, पण मन वळून पाण्याकडेच यायचं. मनातल्या शर्यतीत ती एकदाही पलीकडच्या काठाला लागली नाही.

आणि हे फक्त मनातलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी चंद्रपूरजवळच्या धरणावरच्या सरावात ती तीनशे मीटरवर थांबली होती आणि बचावाच्या नावेचा दोर धरून लटकली होती. "पायात गोळा आला," असं तिनं सरांना सांगितलं. सरांनी विश्वास ठेवून मीठ-पाणी पाजलं.

गोळा पायात नव्हता. तिचा बाप बापूजी मूल तालुक्यातला ढिवर, तलावात मासे धरून जगणारा. पण साऱ्या भागात त्याची ओळख वेगळीच होती. तलावात, नदीत कोणी बुडालं की प्रेत काढायला बोलावण्यासाठी पोलीस पाटील सायकलवर दारात यायचा. त्या काळी गावात फोन नव्हते. सायकलची घंटी वाजली की रंभा, आचलची आई, चुलीवर त्याच्या आंघोळीचं पाणी ठेवायची आणि त्यात कडुनिंबाचा पाला टाकायची. बापूजी बुडी मारून तळाशी हात फिरवत राहायचा. नऊ वर्षांची आचल हट्टानं एकदा त्याच्या डोंग्यात, त्या छोट्या होडीत, बसून गेली होती. बाप वर आला तेव्हा त्याच्या मुठीत एक मनगट होतं आणि मनगटात हिरव्या बांगड्या. त्या दिवशी तिनं बापाच्या हातचा घास खाल्ला नाही. पुढेही कितीतरी दिवस नाही.

बुधवारी रजा टाकून ती गावी गेली. बापूजी अंगणात जाळ्याची भोकं सांधत होता.

"आली काय? वाळून गेली पोरगी," तो म्हणाला. "सरकार पगार देते का नाई?"

ती समोर बसली. "बाबा, तुमी बुडालेल्याले काढाले उतरत होते तवा तुमाले भेव नाई लागे?"

रंभा आतून ओरडली, "शर्यत चार दिवसावर आली आन् हे काय अभद्र बोलून राह्यली वो!"

"भेव?" बापूजी म्हणाला. "पाण्यात मुताले होये मले. कोणाले दिसते?"

आचल हसली नाही. मग तिनं नावेचा दोर, खोटा गोळा, मनातला तिसरा हात, सगळं सांगितलं. बापूजीनं सुई खाली ठेवली.

"हात फिरवताना मी म्हनत राहो, इथी नसो, इथी नसो."

"आन् सापडलं तर?"

"तं म्हनो, चाल बापा, तुझी माय काठावर बसली हाये. काठाकडं पाहिलं का रिकाम्या हातानं वापस जाताच येत नव्हतं मले." त्यानं सुई पुन्हा उचलली. "भेव जात नाई पोरी. एवढ्या वर्षांत नाई गेलं. पन मी हात मागं नाई घेतला कधी. जे लागे ते चाचपून पाहो. न पाहता हात मागं घेतला असता तं घरी येऊन झोप नसती लागली."

गुरुवारी उजाडताच दोघं तलावावर गेली. सरांना कळलं असतं तर त्यांनी डोकं धरलं असतं. धानाची कापणी सुरू झाली होती, बांधावर माणसं होती. बापूजी डोंग्यात उभा राहिला. त्यानं बांबू धरला.

"मी बाजूनं येतो. हाताले काई लागलं तं थांबायचं, पाहायचं, मले सांगायचं. मंग पुढं जायचं."

पाणी गार होतं. आचलनं तोंड पाण्यात घातलं आणि तिला काहीच दिसेना. चौथ्या हाताला काहीतरी घसटून गेलं. तिनं हात मागे घेतला आणि मोठ्या कष्टानं पुन्हा पुढे नेला.

"कमळाचा दांडा," ती वर येऊन म्हणाली.

"हो. चाल."

मग शेवाळ लागलं. मग कोणाच्या तरी जाळ्याची दोरी. प्रत्येक वेळी तिचे दात वाजत आणि प्रत्येक वेळी ती सांगे. असं करत ती तलावाच्या मध्यावर आली. पोटात थोडी ऊब परत येत होती, तोच उजवा हात कापडात शिरला.

पाण्यानं फुगलेलं, जड कापड. आत काहीतरी होतं, जाड, दंडाएवढं.

ती वर आली. कापड तिनं सोडलं नाही.

"काय हाये?" बापूजीनं विचारलं.

"कापड. लुगडं वाटते. आत... आत हात हाये, बाबा."

बापूजीचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं बांबू टाकला आणि गुडघ्यांवर बसला. "सोड," तो म्हणाला. "आचल, सोड ते, डोंग्याले धर. तू नको पाहू, मी पाहतो." त्यानं सदरा काढायला हात घातला, पण बटणं निघेनात.

डोंगा हातभर अंतरावर होता. आचलला तो धरायचाच होता. पण तिच्या बोटांत अजून ते कापड होतं आणि ते सोडलं तर हे ओझं म्हाताऱ्या बापाच्या गळ्यात पडणार, हे तिला दिसत होतं. तिनं श्वास घेतला, डोळे घट्ट मिटले आणि दुसरा हातही त्या लुगड्यात घातला.

दंड कडक होता. तो दाबला तसा करकरला. बोटांत धानाच्या वाळक्या काड्या आल्या, मग सुतळीची गाठ, मग बांबूची खपची.

"तणीस हाये!" ती ओरडली. तोंडात पाणी गेलं, खोकला आला. "बाबा, तणीस बांधलेली हाये! शारदेची मूर्ती हाये ही, विसर्जनाची! माती विरून गेली तिची."

बापूजी डोंग्यात मटकन बसला. हसला की काय केलं, ते आचलला कळलं नाही. बराच वेळ तो खांदे हलवत राहिला.

"तुमचे हात काऊन कापून राह्यले?" तिनं विचारलं.

"थंडी हाये ना."

"मंग सदरा काऊन काढत होते?"

"बस झालं आता, चाल घरी," तो म्हणाला. "तुझी माय मले जिता ठेवणार नाई."

आचलनं पुढे पाहिलं. अर्धा तलाव अजून बाकी होता आणि तिकडचं पाणी इकडच्याहून काळं होतं. छाती धडधडत होती. रविवारच्या शर्यतीचं पाणी याच्याहून खोल असणार आणि तिथं बाप सोबतीला नसणार.

"तुमी मागून या," ती म्हणाली आणि तिनं तोंड पाण्यात घातलं.