फुकटचा फळा

भूगोलाच्या बाईंचा खडूवर जेवढा विश्वास होता, तेवढा सख्ख्या नवऱ्यावरही नव्हता. आणि नेमकं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना फर्मान सोडलं.

"उद्या तपासणीचे साहेब येताहेत. मुलं ऑनलाइन फळ्यावर एकत्र काम करताना दिसली पाहिजेत. नाही जमलं, तर सातवी संगणकाच्या सरांकडे जाईल."

सातवी म्हणजे बाईंचा जीव की प्राण. ती गेली तर शाळेत यायचं तरी कशाला, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

संगणकाच्या सरांनी फळा तयार करून दिला. अर्थात फुकटचा. लिंक उघडायची आणि आपली चिठ्ठी चिकटवायची, नावगाव काही नको. "लिंक ग्रुपवर टाका की झालं," सर म्हणाले. कोणत्या ग्रुपवर, ते काही बोलले नाहीत. बाईंनी आपलं डोकं चालवलं. एकीकडे नाही पोचली तर दुसरीकडे पोचेल, म्हणून मुलांच्या, पालकांच्या, शिक्षकांच्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या ग्रुपांवर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मोठ्या बाई मागच्या बाकावर बसले. भिंतीवरच्या पडद्यावर प्रश्न झळकला : ऋतू कशामुळे बदलतात?

"बाई, आत घेतच नाही!" मुलं टॅबवर बोटं आपटू लागली. "जागा संपली म्हणतंय!"

फुकटच्या फळ्यावर ठरावीकच माणसं मावतात, आणि ती घरबसल्या केव्हाच भरली होती. पडद्यावर चिठ्ठ्या उमटू लागल्या. 'धाकटीने स्वेटर घातलाय का बघा.' 'सहल रद्द झाली का?' 'कृपया विषयाला धरून लिहा.' मग एक पिवळी चिठ्ठी आली : 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, म्हणून.' तिच्याखाली पसंतीचे अंगठेच अंगठे.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

"चूक!" अख्खा वर्ग ओरडला. "माझ्या बाबांनी अंगठा दिला असणार!" एकजण कपाळाला हात लावून म्हणाला. मोठ्या बाईंनी मोबाइल गुपचूप पर्समध्ये टाकला.

"चूक कशी?" साहेबांनी विचारलं.

वर्गात कधी तोंडातून अक्षर न काढणारी एक मुलगी ताडकन उठली. "तुम्ही सूर्य. इथे मधे उभे राहा आणि हलू नका." साहेब निमूट उभे राहिले. ती मान कलती करून त्यांच्याभोवती फिरू लागली. "मान कायम खिडकीकडेच कललेली. इथे आले की डोकं तुमच्याकडे झुकतं, म्हणजे उन्हाळा. पलीकडे गेले की तुमच्यापासून लांब, म्हणजे हिवाळा."

ते बघून सगळीच सातवी उठली. माना कलवून साहेबांभोवती पृथ्व्यांची ही गर्दी उसळली, दोन तर एकमेकींवर आपटल्याही.

"हे कुठल्या अ‍ॅपवर शिकलात?" गर्दीतून साहेबांचा आवाज आला.

"बाईंकडे!"

साहेब हसत हसत गेले. मोठ्या बाईंनी बाईंना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "सातवी तुमच्याकडेच राहील."

बाईंचे डोळे भरून आले. त्या जायला वळल्या, तर मोठ्या बाई घुटमळत पुढे आल्या.

"अहो, ती पिवळी चिठ्ठी... कोणी लिहिली ते कळतं का हो त्यात?"

बाईंनी त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या फळ्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"छे हो," त्या ठामपणे म्हणाल्या, "फुकटच्यात ती सोयच नसते."