बापूसाहेबांची पंगत

आखातातल्या, अल मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणारे दोघंच उरले होते, आणि त्यातल्या एकाने पाच आठवडे अन्नाला तोंड लावलं नव्हतं. ते बापूसाहेब. चार फूट लांब, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, बिनविषारी. शिवानीने सापाचं नाव नूडल ठेवलं होतं. पण ती लीड्सला शिकायला गेली आणि काचेची पेटी बापाच्या गळ्यात पडली, तेव्हा अंबादासने पहिल्याच दिवशी पुन्हा बारसं केलं. घरातल्याला खायच्या वस्तूचं नाव ठेवायचं म्हणजे काय!

अंबादास केटरिंगवाला. मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पांत बावीस वर्षं त्याने जेवणं पुरवली. एकदा रस्सा इतका झणझणीत झाला, की तीनशे माणसांनी एकदम हुश्श केलं आणि दोरीवरचं धुणं उडून शारजात पडलं, असं तो शपथेवर सांगायचा. धुण्याचं सोडा, पण त्याच्या पंगतीतून कुणी उपाशी उठलं नव्हतं, एवढं खरं.

म्हणून बापूसाहेबांचा उपास त्याच्या जिव्हारी लागला. आणखी एक कारण होतं. दर शनिवारी दुपारी शिवानीचा व्हिडिओ फोन यायचा. "डिड ही ईट?" हा तिचा पहिला प्रश्न, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. ही म्हणजे साप. गेल्या वेळी तिने बजावलं होतं, या शनिवारीही खाल्लं नाही तर इन्व्हेस्टमेंट्स पार्कात राहणारा दर्शन, तिचा साप पाळणारा मित्र, पेटी घेऊन जाईल. पेटी गेल्यावर फोन कशासाठी येणार, हे अंबादास ओळखून होता.

प्रयत्नांत कसूर नव्हती. फ्रीजरमधला उंदीर तासभर कोमट पाण्यात ठेवायचा, पुसायचा, चिमट्यात धरून बापूसाहेबांच्या नाकापुढे हलवायचा. मग स्टूल ओढून, काचेला नाक लावून आग्रह सुरू. घ्या हो, एवढा एकच, माझ्या शब्दाखातर. बापूसाहेब लाकडी खोक्यात तोंड खुपसायचे. मग हा त्यांना बाहेर काढून, पाठीवरून हात फिरवून समजूत घालायचा. दर्शनने फोनवर सांगितलं होतं, अंकल, ठेवा आणि निघून जा, तो घाबरतो. अंबादासला ते पटेना. पाहुण्याला वाढून यजमानाने उठून जायचं?

शनिवार उजाडला. दुपारी उंदीर तयार झाला. स्टूल ओढताना अंबादासची नजर देव्हाऱ्यावर गेली. बायकोला, सुलक्षणाला जाऊन तीन वर्षं झाली होती, तिने शिवलेला पडदा अजून तसाच होता. नैवेद्य ठेवला की ती पडदा ओढायची आणि नवऱ्याला बाहेर हाकलायची. असं टक लावून बघितलं तर देवाच्या तरी घशाखाली घास उतरेल का, म्हणायची.

अंबादासने स्टूल परत सरकवलं. पाच आठवडे तो जावयाला वाढत होता. वाढायचं होतं देवाला.

त्याने उंदीर बशीत घालून पेटीत ठेवला, झाकणाच्या कड्या लावल्या, सुलक्षणाची हिरवी साडी पेटीवर पांघरली. स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून बसला आणि स्वतःसाठी आमटी-भात वाढून घेतला. चार घास खाल्ले, पुढे जाईना. अर्ध्या तासाने साडीचं टोक उचललं. बशी रिकामी. बापूसाहेबांच्या पोटाशी फुगवटा. शाबासकी द्यायला हात पुढे गेला, तो त्याने मागे घेतला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ठेवलेला फोन वाजला, पडद्यावर शिवानी.

"डिड ही ईट?"

हो म्हटलं तर काळजी संपली. आणि काळजी संपली तर पुढचा फोन कधी? आयुष्यभराच्या थापा अंबादासच्या मदतीला धावल्या.

"अर्धाच खाल्ला."

"बाबा, स्नेक्स डोन्ट ईट हाफ."

"हा खातो. उरलेला पुढच्या शनिवारी खाईन म्हणालाय."

शिवानी हसली नाही. तिची नजर त्याच्या खांद्यामागे, ओट्यावरच्या ताटावर गेली असावी.

"अँड यू?"

"मीही अर्धाच."

 मग ती मराठीत म्हणाली, "जेव. मी बघत नाही."

तिने फोन उताणा ठेवला असावा, कारण पडद्यावर आता लीड्सच्या खोलीचं पांढरं छत होतं, कोपऱ्यात ओल आलेलं. अंबादासने आपला फोन डब्याला टेकवला, त्या छताकडे पाठ केली आणि गार झालेला भात कालवायला घेतला.