पुढे ओढलेली सीट

दावा दाखल करून सदतीस दिवस झाले होते. विमा कंपनीत फोन केला की एकच उत्तर मिळे: फाइल तपासणीत आहे.

गाडी दुभाजकावर चढवली होती बायकोने. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडीचं नाक पार आत गेलं. लायसन्सची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपल्याचं तिला तिथे, रस्त्यावर उभं असताना आठवलं. म्हणून अर्जात चालक म्हणून नवऱ्याने स्वतःचं नाव घातलं आणि सही ठोकली. तो शाळेत गणित शिकवायचा. खोटेपणा उघडकीस आला तर दावा जाईलच, नोकरीही जाईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो सहा फुटी. ती त्याला खांब म्हणायची, तो तिला बूच. गाडी चालवताना समोरचं दिसावं म्हणून तिने स्वतःच एक जाड उशी शिवली होती. अपघात झाल्या झाल्या ती उशी त्यांनी आठवणीने घरी आणून कपाटात कोंबली होती.

सदतिसाव्या दिवशी संध्याकाळी शिवणयंत्र थांबवून ती म्हणाली, "खांब, उशी आणली आपण. सीटचं काय?"

सीट तिच्या मापाने पुढे ओढलेली होती. तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो गाडी ठेवलेल्या गॅरेजवर गेला. कागद राहिलेत गाडीत, असं त्याने मिस्त्रीला सांगितलं. दुसऱ्या गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला, घ्या की, तुमचीच गाडी आहे. त्याने सीटखालचा खटका ओढला. सीट कर्रकन मागे गेली. दार हळूच लावून तो शाळेत परतला.

दोन दिवसांनी नुकसान तपासणाऱ्या, विमा कंपनीच्या सर्व्हेअरने दोघांनाही गॅरेजवर बोलावलं. माणूस शांत होता. आधी त्याने माफीच मागितली. त्याचा पाय मोडला होता, महिनाभर फाइल त्याच्या टेबलावरच पडून होती. शंका वगैरे काही नव्हती. आज फक्त रेडिएटर पाहायचा आणि सही करायची. नवऱ्याने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

सर्व्हेअरने पहिल्या दिवशीचे फोटो उघडले. गाडी आली की हात लावण्याआधी आतूनबाहेरून फोटो काढायचे, ही मिस्त्रीची सवय. आतून काहीतरी चोरलं म्हणून गिऱ्हाईक भांडायला येतं, म्हणून.

सर्व्हेअरने फोटो पाहिला, गाडीत डोकावला, पुन्हा फोटो पाहिला.

"सीट कुणी हलवली?"

"आमच्यापैकी कुणी हात लावत नाही," मिस्त्री म्हणाला. "परवा सर आले होते, कागद घ्यायला."

आवाज न चढवता सर्व्हेअर नवऱ्याला म्हणाला, "फोटोत आहे तितकी पुढे घ्या. आणि बसून दाखवा."

तो वाकून आत शिरला. गुडघे स्टिअरिंगला अडकले. दार लागेना. त्याने पाय तिरके केले, पोट आत ओढलं, तरी लागेना. मिस्त्री हातातला पाना पुसत राहिला.

ती पुढे आली.

"ऊठ," ती म्हणाली. "मी बसते."