नांगराचं पातं

जी मोटारसायकल जपान्यांनी जर्मन रस्त्यांसाठी बनवली होती, ती हरिश्चंद्र नागवेकरांनी मिरकरवाड्याच्या बंदरातून बांगडे आणायला घेतली. यात नेमकं चुकलं कोणाचं, यावर मागाहून त्यांच्या गावात, मिऱ्यावर, बरीच चर्चा झाली. चर्चेला आपल्याकडे नेहमी मागाहूनच वेळ मिळतो.

हरिभाऊ उभा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनाशी काढून कायमचे घरी आले होते. माणूस हुशार, हाताला कसब, आणि दिवसभर रिकामा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की घरातली कुठलीच वस्तू होती तशी राहत नाही. आधी मिक्सर गेला, मग विहिरीवरचा पंप. पंखा वाचला, कारण तेवढ्यात गाडी आली. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांची ती जुनी गाडी; लांब पल्ल्याची, पुढे ओणवं होऊन बसायची, साठच्या खाली आली की कुरकुरणारी. किल्ली देताना डॉक्टरांनी हरिभाऊंचा हात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. हरिभाऊंना वाटलं, गाडीवर जीव आहे बिचाऱ्याचा.

गाडी घेण्याचं खरं कारण बांगडे नव्हतं. खरं कारण सगुणाबाई. नवरा समुद्रावर असताना ही बाई सगळीकडे एकटी गेली. इस्पितळात गेली, कचेरीत गेली, मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेली, आणि प्रत्येक वेळी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून परत आली. वेळणेश्वराला तिने नवस बोलला होता की माणूस धड घरी येऊ दे, दोघं जोडीने पायांवर डोकं ठेवू. आता माणूस धड घरी आला होता. हरिभाऊंनी मनाशी घेतलं की एवढी वर्षं जी खिडकीशी बसली, तिला आपल्या मागे बसवून वेळणेश्वरला न्यायची. दुसरं काही त्यांना आयुष्याकडून नको होतं.

सगुणाबाईंनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “देवाला धड माणूस दाखवायचा आहे. आपण एसटीने जाऊ.”

झालं. तिथून गाडीचं बाळंतपण सुरू झालं. सगुणाबाई एक अडचण काढत आणि हरिभाऊ त्या अडचणीवर एक वस्तू बसवत. ओणवं बसून कंबर धरेल म्हणाल्या, तर हँडल उंच झालं. वारा लागेल, तर पुढची काच एवढी वाढली की मागून हरिभाऊ तिकीट-खिडकीत बसल्यासारखे दिसू लागले. चढायला पाय पुरत नाही, तर घडीची पायरी. पदर चाकात जाईल, तर जाळी. टेकायला काही नाही, तर रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडून लालभडक रेक्झिनचा लोड. दोन बाजूंना दोन पेट्या लागल्या. त्यांतली डावी बांगड्यांची, उजवी देवाच्या सामानाची, हे सगुणाबाईंनी आधीच ठरवून दिलं. ताशी दोनशे पळायला जन्मलेली गाडी आता कोथिंबीर आणायला निघाली की एखादा निवृत्त सेनापती नातवाला शाळेत सोडायला चालला आहे असं वाटे.

लोक मात्र बघत. रस्त्यात थांबून मागच्या रुंद टायरकडे बोट दाखवत, आणि सिग्नलला हटकून विचारत, “काका, ॲव्हरेज किती देते?” हरिभाऊंनी दोन बोटं उचलून सलामी द्यायची सवय लावून घेतली.

पहिला इशारा मे महिन्यात मिळाला. नागवेकरांचं अंगण म्हणजे निम्मी पुळण. समुद्राची वाळू तिथे पाहुण्यासारखी येते आणि परत जायचं विसरते. त्या वाळूत गाडीचा साइड स्टँड हळूहळू रुतला, आणि दुपारी सगळे पडले असताना गाडी सावकाश डाव्या अंगावर कलंडली, ती सगुणाबाईंनी वाळत घातलेल्या आमसुलांवर. हरिभाऊ बाहेर आले तेव्हा पांढऱ्या गाडीवर लाल रस ओघळत होता आणि माश्या जमल्या होत्या. सगुणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन पाण्याची बादली तेवढी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या गावच्या देवीला गेल्या आणि गुरवाकडून कौल लावला. देवीच्या पाषाणावर डावी-उजवीकडे कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली कळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाडी लाभेल का, असं विचारलं. बोलणं संपायच्या आत डावी पडली.

हरिभाऊंनी हे ऐकून गाडी काढली आणि स्वतः देवळात गेले. त्यांचं म्हणणं, प्रश्नच मोघम होता. लाभेल म्हणजे काय? त्यांनी गुरवाला प्रश्न नीट मांडून दिला. पुन्हा डावी पडली. मग त्यांनी विचारायला लावलं की चालवणारा अनुभवी आहे की नाही. आता देवीला तरी खोटं कसं बोलवेल? उजवी कळी पडली, हरिभाऊंनी नारळ ठेवला आणि विषय मिटला.

इथे त्यांच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. बोटीच्या इंजिनरूममध्ये काही बिघडलं की भोंगा वाजतो. तिथे पहिलं काम म्हणजे बटण दाबून भोंगा बंद करायचा, कारण त्या कोलाहलात डोकं चालत नाही. मग खाली जाऊन काय बिघडलं ते बघायचं. ही रीत चोख आहे. फक्त हरिभाऊ वरच्या हुद्द्यावर गेल्यापासून बटण ते दाबत आणि खाली दुसरा कोणीतरी जाई. अशी कैक वर्षं गेली. भोंगा बंद करणं म्हणजेच काम होणं, असं हाताला वाटायला लागलं होतं. आणि मिऱ्यावरच्या घरात खाली जाणारं दुसरं कोणी नव्हतं.

आमसुलांचा बंदोबस्त हरिभाऊंनी दर्यावर्दी पद्धतीने केला. भावाची जुनी होडी पुळणीवर कुजत पडली होती. तिच्या नांगराचं एक पातं त्यांनी कापून आणलं आणि नितेश वेल्डरकडून स्टँडच्या टोकाला जोडून घेतलं. नितेश हा कशालाही नाही न म्हणणारा गुणी माणूस. त्याने पातं हातात तोललं, जड आहे एवढं म्हणाला, आणि जोडून दिलं. हरिभाऊंनी सांगितलं, “उभं राहायचं तर नांगर पाहिजे.” आणि खरंच, गाडी पुळणीत देवळासारखी उभी राहिली. त्या पात्याने होडीला अर्धा जन्म तळाशी धरून ठेवलं होतं. त्याला धरून ठेवायची सवय होती.

पंधरवडाभराने सगुणाबाई अंगण झाडता झाडता थबकल्या. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. बाजूचा स्टँड वर उचललेला होता, पण पुरता नाही. पात्याच्या वजनाने तो बोटभर खाली लोंबत होता.

“अहो, तुमच्या गाडीची जीभ बाहेर आली आहे.”

हरिभाऊंनी पायाने स्टँड वर ढकलला. तो वर गेला, आणि त्यांची पाठ वळल्यावर पुन्हा हळूच लोंबला. यंत्राला थोडी ढिलाई लागतेच, असं त्यांनी तिला समजावलं.

त्यानंतर गाडी मध्येच बंद पडू लागली. खड्ड्यात चाक आदळलं की इंजिन गप्प. एकदा मारुती मंदिरच्या सर्कलला, भर गर्दीत, मागे एसटी असताना. या गाड्यांच्या स्टँडपाशी एक इवलंसं बटण असतं. गाडी गिअरमध्ये असताना स्टँड जरा जरी खाली आला, तर ते बटण इंजिन बंद पाडतं. माणसाने उतरावं, बघावं, एवढीच त्याची अपेक्षा. नांगराचं वजन स्प्रिंगला झेपत नव्हतं. प्रत्येक खड्ड्यात स्टँड खाली झेपावत होता, आणि ते बटण आपलं इमानदारीने भोंगा वाजवत होतं.

सगुणाबाई म्हणाल्या की बंद पडणाऱ्या गाडीवर त्या काही बसणार नाहीत. ही त्यांची शेवटची अडचण होती. बाकी सगळ्या हरिभाऊंनी जिंकल्या होत्या. नितेशने खाली वाकून दोन तारा ओढल्या, बटणाला वगळून एकमेकींना जोडल्या, वर काळी पट्टी गुंडाळली आणि म्हणाला की समुद्राकाठी ही बटणं खाऱ्या हवेने वेडी होतात, सगळे असंच करतात. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. मिऱ्यापासून साळवी स्टॉपपर्यंत सगळ्या खड्ड्यांतून ती मुकाट चालली. हरिभाऊंनी घरी येऊन सांगितलं, “झालं काम.”

शब्द म्हणजे शब्द. सगुणाबाईंनी सोमवार ठरवला. नारळ, बेल, उदबत्ती उजव्या पेटीत गेली. हरिभाऊंनी शेवटची वस्तू बाहेर काढली: दोन हेल्मेटं, आतून बोलायची सोय असलेली. गाणीही ऐकता येत. वाऱ्यात ओरडायला नको, बाहेरचा आवाजही आत येत नाही. फक्त बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, अशी त्यांनी बोटीवरची शिस्त घातली. सगुणाबाईंनी हेल्मेट चढवलं, पायरीवर पाय दिला, लाल लोडाला पाठ टेकली आणि हातांनी लोडाचीच कड धरली. नवऱ्याला धरायची त्यांना सवय नव्हती. तो कधी जवळ असेच ना.

“भाटी मांजर दूध पिऊन गेली, खिडकी लावली, गॅस बंद आहे, ओव्हर.”

हरिभाऊंनी टाचेने स्टँड वर घेतला. हे मुद्दाम सांगायचं, कारण मागाहून झालेल्या चर्चेत विसरले असतील असं सगळे म्हणाले. ते विसरले नव्हते.

शिरगाव मागे पडलं. बसणीच्या अलीकडे एक खड्डा आला, बेताचाच. गाडी आदळली आणि खाली ठक् झालं.

“काहीतरी पडलं वाटतं, ओव्हर.”

“रस्ता आहे गो. ओव्हर.”

इंजिन छान चालत होतं. बंद पडायचं त्याच्या मनातही नव्हतं.

पुढे एक रिक्षावाला समोरून आला. त्याने हात बाहेर काढून खाली, डावीकडे, बोट दाखवलं आणि हॉर्न वाजवला. हरिभाऊंनी दोन बोटांनी सलामी दिली. थांब्यावर शाळेच्या मुली उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांनी मिळून खाली बोटं दाखवली, एकीने तर उडी मारून. हरिभाऊंनी त्यांनाही सलामी दिली. डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण रस्त्याकडेला थांबली, मोकळा हात जमिनीकडे झटकत काहीतरी म्हणाली. तिचं तोंड हलताना दिसलं. शब्द आले नाहीत. आपल्याकडे स्टँड खाली राहिलेला माणूस दिसला की जन्माचा वैरीसुद्धा ओरडून सांगतो; एवढी एक माणुसकी रस्त्यावर अजून उरली आहे. ती त्या दिवशी वाटभर उभी होती.

“अहो, सगळे खाली काय दाखवतायत? ओव्हर.”

“टायर. एवढं रुंद टायर बघितलेलं नसतं कोणी. ओव्हर.”

काळबादेवीच्या पुढे एक तरुण मोटारसायकलवाला शेजारी आला. तो हातवारे करत होता, तोंड भलंमोठं उघडत होता, गाडी जवळ जवळ आणत होता. शर्यत लावतोय, हरिभाऊंनी ओळखलं. वय झालं तरी माणसाला असल्या गोष्टी लगेच ओळखू येतात. त्यांनी नुसता मनगटाला पीळ दिला. जपान्यांनी ज्यासाठी एवढे कष्ट घेतले होते ते सगळं एका क्षणात जागं झालं आणि पोरगा आरशात बारीक झाला. तो अजूनही हात हलवत होता.

आरे गावच्या चढाला एक अलगद डावं वळण आलं. गाडी किंचित कलली आणि खालून खर्रर्र असा आवाज झाला. हेल्मेटातूनही तो पोचला. पायाखालून, हाडांतून आला. हरिभाऊंचा अंगठा आपसूक हँडलवरच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी गाणं मोठं केलं. आवाज बंद झाला.

मग चढ संपला आणि एकदम समुद्र उघडला. डाव्या हाताला पार खाली पाणी, समोर उतार, आणि उताराच्या तळाशी रस्ता डावीकडे वळून डोंगराआड गेलेला. गाडी आपल्या वजनाने धावू लागली. सगुणाबाईंनी खाली बघितलं. त्यांचे हात लोडावरून सुटले आणि दोन्ही हात हरिभाऊंच्या कमरेभोवती आले, घट्ट.

इतक्या वर्षांत भर रस्त्यात, दिवसाउजेडी, तिने त्यांना असं धरलं नव्हतं. हरिभाऊंना सगळं मिळालं. उंच हँडल, काच, पायरी, जाळी, लोड, सगळ्याचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

“सावकाश हं,” ती म्हणाली. ओव्हर म्हणायचं राहून गेलं.

म्हणून हरिभाऊ उत्तर द्यायचे थांबले, तिचं बोलणं संपायची वाट बघत. वळण आलं. त्यांनी अनुभवी माणसासारखं आधी वळणाकडे पाहिलं, मग खांदा सोडला, आणि गाडी डावीकडे झुकवली. खाली, त्याला आयुष्यभर शिकवलं होतं तसं, नांगराचं पातं तळ शोधत होतं.