डॉक्टरांच्या गळ्यात लोंबणारी नळी

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप. पिंपळगाव रेणुकाईचे लोक मला साधं 'नळी' म्हणतात. ऐकण्यातच माझा जन्म गेला, बोलायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. पण आज बोलणार आहे, कारण राग गिळून गिळून माझं रबर कडक झालंय.

रामकिसन डॉक्टरांनी मला जालन्याच्या एका दुकानातून आणलं, तेव्हा माझी चकती चकचकीत होती. ते ती आधी तळहातावर चोळून गरम करत. म्हणत, "गार लागलं की माणूस श्वास चोरतो." मग डोळे मिटून ऐकत. खोकणारी पोरं, गरोदर बाया, बाजाराला आलेले म्हातारे, सगळ्यांच्या छातीशी मी राहिलो. "डॉक्टरांच्या नळीला सगळं कळतं," असं लोक म्हणायचे. खरं तर कळायचं ते त्यांना. मी फक्त पोचवायचो.

ते वारले आणि खुर्चीत त्यांचा मुलगा कल्याण बसला. टेबलावर काच आली, दाराला पडदा आला, 'आपले कुटुंब, आपला दवाखाना' अशी पाटी आली. मीही रोज त्याच्या गळ्यात येऊ लागलो. कानात मात्र जाईना. दुखणं कोणतंही असो, तो विचारी, "सलाईन लावू?" लोकही तसेच! बाटली लावली नाही तर बाहेर बाकावर बसून म्हणत, "ह्याला काई येत न्हाई." एकाचा आळस, दुसऱ्याचा हट्ट, दोघांचं छान जमलं होतं.

पोळ्याच्या सुमारास साखराबाई आल्या. मेंढ्यांमागे माळ तुडवलेली बाई, पण दवाखान्याचा ओटा चढतानाच धापा टाकत होती. पाय सुजलेले. सोबत लेक रेणुका.

"डॉक्टरसाहेब, आडवं झालं की मायला दम लागतो. बसूनच रात काढून राह्यली."

कल्याणने मोबाइलवरून नजर उचलली नाही. "अशक्तपणा आहे. बाटली लावू."

"लावा बाप्पा," साखराबाईच म्हणाल्या. "जल्दी ताकद येईल."

मी त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर होतो. तेवढं अंतर मला तोडता येईना. बाईचं थकलेलं हृदय आधीच पाणी उपसू शकत नव्हतं, आणि हा शहाणा तिला आडवं निजवून वरून आणखी पाणी ओतत होता! नुसता कान लावला असता तरी कळलं असतं.

अर्धी बाटली गेली नाही तोच रेणुका ओरडली, "मायचे ओठ निळे पडून राह्यले!"

"घाबरल्यात त्या. पंखा वाढव."

"पंखा? मंग ही नळी कशाला घातली? बैलाच्या गळ्यातली घंटी हाय का, शोभेला?" तिने माझी चकती पकडली आणि असा हिसका दिला की कल्याण खुर्चीसकट पुढे ओढला गेला. तिने चकती आईच्या छातीवर दाबली. "घाला कानात! ऐका बराबर!"

त्याने घातलं. आत हुक्का गुडगुडावा तसं पाणी बुडबुडत होतं. मी जसंच्या तसं त्याच्या कानात ओतलं. त्याचा चेहरा उतरला. सुई उपसली गेली, साखराबाईंना उठवून बसवलं, पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि जीप जालन्याकडे पळाली.

साखराबाई वाचल्या. रेणुका पुढच्या बाजाराला सांगायला आली, तेव्हा दवाखाना भरलेला होता. कल्याण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, वेळेवर पाठवलं मी!"

"तुमी न्हाई पाठवलं, साहेब. मी वढलं."

बाकावर कोणी तरी फिसकन हसलं. कल्याणने मोबाइल उचलला. ती गेली. पुढचा माणूस आत आला, म्हणाला, "लई गळून गेल्यासारखं वाटतंय, बाटली लावा." आणि कल्याणचा हात बाटलीकडे गेला.

मित्रांनो, माझा कान अजून तितकाच तिखट आहे. नुसता लोंबून लोंबून गंजायचा तेवढा राहिलोय. मला हात नाहीत, आवाज नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. दवाखान्यात गेलात तर बाटली मागू नका. आधी छाती तपासा म्हणा. तरी डॉक्टरने मान वर केली नाही, तर लाजू नका, मोठा माणूस आहे म्हणून भिऊ नका.

ओढा मला.