म्होरक्या बैलाचा दोर

धरमसिंग रतनसिंगच्या ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसला होता आणि आत रतनसिंगच्या हातात दोर होता. यात नवं काही नव्हतं. तांड्यात पोर जन्मलं की पाचव्या दिवशी रतनसिंगच्या घरच्या दोराचा एक धागा त्याच्या मनगटाला बांधायचा. पोराचा श्वास टिकतो. दोर रतनसिंगच्या आजाचा, मदनसिंगचा. बैलांवर मीठ लादून हिंडायच्या काळातल्या म्होरक्या बैलाचा. ऐंशी वर्षांत तांडा वाढत गेला आणि दोर आटत आटत दीड हातावर आला.

या खेपेला घोटाळा रतनसिंगच्या सुनेनं केला. पल्लवी रिसोडच्या शाळेत शिकवायची. दोराचा पितळी डबा घासायला काढला, तर तळाच्या फडक्याखाली एक इंग्रजी कागद निघाला. शिकलेली सून, वाचल्याशिवाय राहवेना.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "हा दोर बैलाचा नाही."

"मंग कायचा? म्हशीचा?"

"माणसाचा."

कागद जेलचा होता. सन त्रेचाळीस, लढाई चालू. खेमा नावाच्या माणसानं रूळ उखडून पलटणीची गाडी पाडली, सबब फाशी. फाशी देणारा शिपाई मदनसिंग. काम सफाईनं केल्याबद्दल साहेबानं खूश होऊन त्याला दोर बक्षीस दिला. खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित.

खेमा म्हणजे बाहेर बसलेल्या धरमसिंगचा आजा. तो आसामच्या चहामळ्यात गेला आणि तिकडेच वारला, अशी तांड्याची पक्की माहिती होती. ती माहिती मदनसिंगनंच आणली होती.

धरमसिंगच्या चारही लेकरांना धागा रतनसिंगनंच बांधला होता.

"चुलीत टाक तो कागद."

"आणि दोर?"



"अबे रतन्या," बाहेरून धरमसिंग ओरडला, "धागा काढून राह्यला का नवा दोर वळून राह्यला? पोराचं लगन होईन न आता!"

सांगायचं नाही, असं उंबऱ्यापर्यंत रतनसिंगनं ठरवलं होतं. पण पोराचं मनगट त्याच्या करंगळीएवढंच होतं आणि धरमसिंगनं ते हसतहसत पुढे केलं होतं.

"धरम्या, तुह्या आजाले माह्या आजानं फाशी देल्ली. याच दोरानं."

धरमसिंग मोठ्यानं हसला. मग त्याला दारातली पल्लवी दिसली, तिच्या हातातला कागद दिसला, आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"माह्या हातालेबी हेच बांधलं होतं?"

"हो."

पोर उचक्या देत होतं.

"आण इकडं तो दोर."

"कायले?"

"माह्या आजाचं घरी काहीच आलं नाही न बे. ना हाड, ना राख. एवढ्यालेच आग्गी देतो."

एका हातावर पोर, दुसऱ्या हातात दोर, असा धरमसिंग ओसरी उतरला आणि घराकडे न वळता थेट मसणवटीच्या वाटेला लागला.

"काका!" पल्लवी मागे धावली. "पोरगं तरी देऊन जा!"

धरमसिंग थांबला. तोवर रतनसिंगही धापा टाकत पोचला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

धरमसिंगनं त्या हातांकडे पाहिलं आणि पोर पल्लवीकडे दिलं.